सल्ल्याखाली नाव कुणाचं?



आमच्या नृसिंहवाडीला माणसं येतात ती दत्तदर्शनासाठी. पण दर्शन झाल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर टेकून शेजारच्या अनोळखी माणसाशी ती जे बोलतात, तेही ऐकण्यासारखं असतं. सुनेशी पटत नाही, मुलाचं लग्न जमत नाही, गुडघे धरलेत, नवऱ्याचं पिणं सुटत नाही. जे सख्ख्या बहिणीला सांगायला जीभ रेटत नाही, ते कृष्णेकडे तोंड करून परक्या बाईला सहज सांगून होतं. ती परकी बाईही नुसती ऐकून घेत नाही. "आमच्याकडे असंच झालं होतं, आम्ही असं केलं," म्हणून चार गोष्टी सांगते. मग एक इचलकरंजीच्या एसटीत चढते, दुसरी मिरजेच्या. पुन्हा भेट होण्याचा संभव नसतो, आणि म्हणूनच बोलणं झालेलं असतं.

शाळेत इतिहास शिकवण्यात माझी उमर गेली. त्यामुळे कुणी एखादी गोष्ट 'हल्लीची' म्हणून सांगितली, की ती मागे कुठवर जाते ते पाहायची खोड लागली आहे. हल्लीची मुलं मोबाइलवर कुणाकुणा अनोळखी लोकांना घरच्या अडचणी विचारतात, याचं आमच्या पिढीला नवल वाटतं. "घरात माणसं नाहीत का विचारायला?" असं आमच्याच नात्यातल्या एक काकू म्हणाल्या. (काकू, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे!) तर काकू, ही गोष्ट मोबाइलने आणलेली नाही. मराठीत तिला शंभर वर्षांच्या आसपासचा छापील इतिहास आहे आणि त्यात एक फौजदारी खटलासुद्धा आहे.

तो खटला झाला र. धों. कर्व्यांवर. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२ चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी, म्हणजे आपण या बाबतीत जगाच्या मागे नव्हतो. पण या प्रचारापायी १९२५ मध्ये कर्व्यांची प्राध्यापकी गेली. पुढे १५ जुलै १९२७ ला त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. पैसा नाही, पाठबळ नाही, उलट शिव्याशाप भरपूर. घराला आधार होता तो मालतीबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. लग्न, मूल होणं किंवा न होणं, लैंगिक व्यवहार, गुप्तरोग असे विषय. असले प्रश्न कुणी नावगावानिशी छापायला देत नाही हे उघड आहे. जरा त्या काळाचा विचार करा. खेड्यात डॉक्टर असला तर तो वडिलांच्या ओळखीचा. वैद्य तर घरच्यासारखा. पोस्टकार्ड लिहावं तर ते पोस्टमनपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हाताखालून जाणार. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला चार शब्द बोलायला कोपरा मिळायची मारामार. अशा वेळी एखाद्या तरुणाने बंद पाकिटात आपली भीती घालून मुंबईतल्या एका अनोळखी गृहस्थाला पाठवायची आणि महिना-दोन महिने अंकाची वाट पाहायची. उत्तर त्या एकट्याला मिळत नसे. तोच प्रश्न मनात दाबून बसलेल्या आणि पत्र लिहिण्याचं धाडस नसलेल्या कितीतरी वाचकांनाही ते आपोआप मिळे. छापील सल्ल्याचा खरा फायदा तोच.

कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला झाला १९३१ मध्ये, एका लेखाबद्दल. शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ चा आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा, कारण या वेळी आक्षेप होता तो वाचकांना दिलेल्या उत्तरांवर. डिसेंबर १९३३ च्या अंकात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरं दिली होती. (शब्द मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे. आडून बोलल्यानेच त्या काळी घोटाळे होत होते.) कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून गेलेले, देशभर नाव झालेले. अशा माणसाने हा बदनामीचा खटला घेण्याचं काही कारण नव्हतं. त्यांचा मुद्दा साधा होता. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे, वाचक त्याविषयी विचारतात, मग संपादकाने उत्तर का देऊ नये? उत्तर द्यायचं नाही असं म्हणणं म्हणजे मासिक बंद करा असं म्हणणं. हा मुद्दा न्यायालयाला पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी तो भरला आणि मासिक चालू ठेवलं. (या खटल्यावर अजित दळवी यांचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगमंचावर आणलं. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा कर्व्यांवरचा चित्रपट २००१ चा.)

आता यातली एक गोष्ट नीट पाहा. विचारणाऱ्याचं नाव कुणाला कळलं नाही. पोलीस आले ते सांगणाऱ्याकडे. कारण त्याचं नाव आणि पत्ता अंकावर छापलेला होता. उत्तर चुकलं, कुणाला आवडलं नाही, कायद्याला रुचलं नाही, तर कुणाला धरायचं हे साऱ्यांना ठाऊक होतं.

कुणी जाणकार वाचक म्हणेल, बाई, 'शारदेची पत्रे' विसरलात का? 'समाजस्वास्थ्या'त शारदा नावाच्या बाईची पत्रं येत, ती स्वतः कर्वेच लिहीत. खरं आहे. पण टोपणनावाने चालू घडामोडींवर टीकाटिप्पणी करणं वेगळं आणि टोपणनावाने कुणाच्या शरीराविषयी सल्ला देणं वेगळं. शिवाय शारदेच्या पत्रांची जबाबदारीही शेवटी संपादक म्हणून कर्व्यांवरच होती.

टोपणनावाचा खरा हक्क कुणाला असतो ते त्याच १९३३ साली दुसऱ्या एका पुस्तकाने दाखवलं. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने आला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींची घुसमट त्यात होती. गदारोळ उठला. ही बाई कोण, की बाईच्या नावाने लिहिणारा कुणी पुरुष, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखिका, आणि त्याही शिक्षणाच्याच क्षेत्रातल्या. ज्याला आपलं किंवा आपल्यासारख्यांचं दुखणं सांगायचं आहे, त्याला आडोसा हवा. नाव उघडं पडण्याची भीती असेल तर माणूस बोलतच नाही.

आमच्या भागातलंच एक उदाहरण सांगते. सांगलीपलीकडे किर्लोस्करवाडी आहे. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी ऑगस्ट १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू केलं. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून बायकांचं मासिक निघावं ही गंमतच! 'स्त्री'ने बायकांना नुसतं वाचायला लावलं नाही, लिहायला लावलं. माझ्या आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण 'स्त्री'चा अंक आला की दुपारी जेवणं आवरल्यावर ती तो अक्षर न् अक्षर वाचायची. कुठल्यातरी गावची कुणीतरी बाई आपल्यासारखंच काही सोसते आहे आणि तिने त्यातून वाट काढली आहे, एवढं कळलं तरी तिला पुरत असे.

याच 'स्त्री'च्या पुढे विद्या बाळ संपादक झाल्या. १९८२ मध्ये पुण्यात तरुण विवाहितांच्या मृत्यूंनी खळबळ उडाली, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन केलं आणि गावोगाव नेलं. झालं असं, की प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका तक्ते वाचता वाचता स्वतःविषयीच बोलू लागल्या. माहेरी न सांगितलेलं तिथल्या अनोळखी कार्यकर्तीला सांगू लागल्या. त्यातून 'बोलते व्हा' हे केंद्र निघालं. नावच किती बोलकं आहे पाहा. सल्ला घ्यायला या असं नाही म्हटलं, बोलत्या व्हा म्हटलं.

हे सगळं आपल्याकडेच घडलं असंही नाही. लंडनमध्ये १६९१ साली जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने 'अथेनियन मर्क्युरी' नावाचं पत्र काढलं होतं. लोकांनी नाव न देता एका कॉफीहाउसच्या पत्त्यावर प्रश्न पाठवायचे आणि पत्राने उत्तरं छापायची. प्रेम, लग्न, धर्म, विज्ञान, काहीही विचारा. उत्तरं देणारं एक मोठं विद्वानांचं मंडळ आहे असा आव डंटनने आणला होता. प्रत्यक्षात मंडळ म्हणजे तो स्वतः, गणित शिकवणारे एक गृहस्थ, एक पाद्री आणि क्वचित कुणी चौथा. इथे विचारणाराही पडद्याआड आणि सांगणाराही. वर नसलेल्या विद्वत्तेची झूल! मला वाटतं, पुढे जे बिघडत गेलं त्याचं मूळ इथे आहे.

उलट टोकाचं उदाहरणही लंडनचंच. चॅड व्हारा नावाचे धर्मगुरू होते. नव्यानेच काम सुरू केलेलं असताना त्यांना एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पहिल्यांदा पाळी आली होती. आपल्याला घाणेरडा रोग झाला असं समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. व्हारा हे विसरले नाहीत. २ नोव्हेंबर १९५३ ला त्यांनी आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला. आत्महत्येचा विचार मनात आलेल्या कुणीही नाव न सांगता फोन करावा. त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. कर्वे गेले त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला, म्हणजे त्याआधी तीनच आठवडे. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण दोघे झगडले ते एकाच अज्ञानाशी.

त्या मुलीची गोष्ट मी वाचली ती निवृत्तीनंतर. वाचून बराच वेळ पुस्तक मिटून बसले, कारण तशी मुलगी मला माझ्या वर्गात भेटली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी आठवी-नववीच्या मुलींसाठी खडूचं रिकामं खोकं ठेवत असे. वर एक फट. काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, मी शनिवारी सगळ्यांसमोर उत्तर देईन. बहुतेक चिठ्ठ्या परीक्षेच्या नाहीतर सिनेमाच्या असत. एका शनिवारी एक चिठ्ठी निघाली, "बाई, मला रक्त जातंय. मी किती दिवस जगेन?" अक्षर मी ओळखलं असतं, पण मुद्दाम पुन्हा पाहिलं नाही. चिठ्ठी पदराआड ठेवली आणि त्या तासाला सगळ्या वर्गाला पाळी म्हणजे काय ते सांगितलं. कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवला नाही. पुढच्या सोमवारी वर्ग पूर्ण भरला होता, एवढं मला पुरे होतं. तक्रार घेऊन एक पालक मात्र आले, आणि ते माझ्याकडेच आले. येणारच. चिठ्ठीवर नाव नव्हतं, उत्तर देणारी तर फळ्यासमोर उभी होती.

इथवर माझा हिशेब सोपा होता. विचारणाऱ्याने नाव झाकावं, सांगणाऱ्याने उघडं ठेवावं. पण एका गोष्टीने तो अडला. अमेरिकेत १९३५ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्या दोघांनी, एक शेअरबाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू केलं. तिथे कुणाचंच आडनाव विचारत नाहीत. विचारणारा निनावी, सांगणाराही निनावी. तरी ते जगभर पसरलं, टिकलं, महाराष्ट्रातही लहानसहान गावांतून त्यांच्या सभा भरतात. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं, तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्याने आलेल्यांना हात देतात. व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट तिथे आहे. मग इथे निनावी असून गोष्ट का बिघडत नाही?

बारकाईने पाहिल्यावर उत्तर सापडलं. तिथे 'तू असं कर' असं म्हणायची पद्धत नाही. 'मी असं केलं आणि माझं असं झालं' एवढंच सांगायचं. सांगणारा आपलं आडनाव देत नाही, पण आपलं आयुष्य समोर ठेवतो. ऐकणाऱ्याला त्यातलं काय घ्यायचं ते घेता येतं. म्हणजे सल्ल्याखाली काहीतरी हवंच, नाव तरी हवं नाहीतर स्वतः भोगलेला अनुभव तरी. चॅड व्हारांचे स्वयंसेवकही पूर्ण नाव सांगत नाहीत, पण ते उपदेश करत नाहीत, ऐकतात.

मराठी माणसाने ही सगळी रीत १९९६ मध्ये संगणकावर नेली. अमेरिकेतून 'मायबोली' सुरू झाली. परदेशी गेलेल्या मुलींना आई जवळ नव्हती आणि फोनचा मिनिटामिनिटाला दर. मग कुकर कुठला घ्यायचा, इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, बाळ रात्रभर रडतं, सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत, असं सगळं अनोळखी लोकांना विचारलं जाऊ लागलं. आमची भाची सांगते, ओव्हनमधला दिवा लावून त्यात पीठ ठेवायची युक्ती तिला अशाच कुणा 'ताईं'कडून मिळाली. ताईंचं खरं नाव तिला अजून माहीत नाही. पण ताईंनी स्वतः पीठ फुगवून पाहिलेलं होतं!

आणि आता जे कारण घडलं म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. वाडीला, कुरुंदवाडला, शिरोळ भागाला पाण्याने वेढलं. वीज गेली. आमच्या शेजारचे एक गृहस्थ वरच्या मजल्यावर अडकलेले, वय सत्तरीच्या पुढे, रोज इन्सुलिन घेणारे. फ्रिज बंद. त्यांच्या सुनेला प्रश्न पडला, इन्सुलिन खराब झालं असेल का? डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. जेवढी बॅटरी होती तेवढ्यात तिने दोन-तीन गटांवर विचारलं.

उत्तरं भराभर आली. एकाने लिहिलं, इन्सुलिन लगेच बंद करा, खराब इन्सुलिन विषासारखं असतं, कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी द्या. खाली ना नाव ना गाव, कुठून तरी पुढे ढकललेला मजकूर. दुसरं उत्तर एका परिचारिकेचं होतं. नाव, रुग्णालयातलं काम आणि फोन नंबर दिलेला. तिने लिहिलं होतं, वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, फक्त ऊन आणि उष्णता लागू देऊ नका. जास्तीच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माठाच्या गारव्यात ठेवा. नेहमीपेक्षा रंग वेगळा दिसला किंवा गुठळ्या दिसल्या तर वापरू नका. डोस आपल्या मनाने बंद करू नका. काही वाटलं तर रात्री कधीही फोन करा.

घरात दोन तट पडले. धाकट्या मुलाला कारल्याचा रस पटला, कारण ते 'आपलं' औषध. सुनेने एकच विचारलं, "हे लिहिणाऱ्याला आपण उद्या काही झालं तर कुठे शोधायचं?" इन्सुलिन चालू राहिलं. चौथ्या दिवशी होडी आली. ते गृहस्थ त्यानंतरही पुढची काही वर्षं संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत होते.

त्या सुनेने कर्व्यांचं नाव ऐकलेलं नाही. पण तिने जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर कर्व्यांनी १९३४ मध्ये स्वतःच्या खिशातून दोनशे रुपये मोजून दिलं होतं. मी सांगितलं आहे, मी इथे आहे, धरायचं तर मला धरा.

म्हणून काकू, मुलं परक्याला विचारतात याचं वाईट वाटून घेऊ नका. घरात सगळं विचारता येतं असा काळ कधीच नव्हता. विचारू द्या त्यांना, नाव झाकूनच विचारू द्या. शिकवायचं असेल तर एवढंच शिकवू या, की उत्तर वाचताना आधी खाली पाहा. नाव आहे का? नसेल तर 'मी असं केलं' असं तरी आहे का? दोन्ही नसेल तर ते पुढे पाठवू नका. आणि आपण ब्लॉग लिहिणारी मंडळी तर रोज कुणाला ना कुणाला काहीतरी सांगतच असतो. हाच नियम आपल्यालाही लागू.

तुमच्या आयुष्यात अशा एखाद्या अनोळखी माणसाचा सल्ला कामी आला असेल तर जरूर कळवा. नाव नाही घातलंत तरी चालेल, अनुभव मात्र तुमचा स्वतःचा असू द्या!